कुत्रा थांबला, आता तुम्ही बघा: रानवाटेवरच्या शोधांसाठी सविस्तर मार्गदर्शक

रानवाटेवर कुत्रा जागोजागी थांबतो आणि आपण ‘चल, चल’ करत पट्टा ओढतो. बघण्यासारखं बहुतेक सगळं तिथेच हुकतं. कुत्र्याला वास लागतो, पण तो कशाचा हे त्याला सांगता येत नाही. वासाचं मूळ कधी त्याच्या नाकापासून हातभर बाजूला असतं, कधी डोक्यावरच्या फांदीवर. त्यामुळे काम दोघांत वाटून घ्यायचं: जागा त्याने दाखवायची, वस्तू तुम्ही शोधायची. कुत्र्याला दोन आज्ञा पक्क्या आणि तुमची चाल निम्म्यावर, एवढ्यावर हे जमतं.

निघण्यापूर्वी

त्या रानात कुत्रा न्यायला परवानगी आहे का, हे आधी तपासा. राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांत बहुतेक ठिकाणी कुत्र्यांना बंदी किंवा कडक अटी असतात, आणि त्याला सबळ कारण आहे. सिडनीच्या आसपासच्या रानांतला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. कुत्री फिरवलेल्या वाटांवर पक्ष्यांच्या जातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि पक्ष्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी भरली. ही सगळी कुत्री पट्ट्याला बांधलेली होती, हे विशेष. म्हणून पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत रुळलेली वाट सोडू नका. ‘माझा कुत्रा कुणाच्या वाटेला जात नाही’ हे पक्ष्याला माहीत नसतं.

रेबीज आणि लेप्टोस्पायरोसिसची लस, जंतनाशक आणि गोचिडीवरचं औषध वेळेवर झालेलं असावं. गळपट्ट्यावर फोन नंबर हवा, आणि जवळच्या पशुवैद्याचा नंबर तुमच्या फोनमध्ये. रानात नेटवर्क नसतं हे धरून नकाशा आधीच उतरवून ठेवा.

पट्ट्याच्या बाबतीत कंजुषी नको. पाच मीटरचा साधा, गाठी नसलेला लांब पट्टा सगळ्यांत उपयोगी. तो छातीच्या हार्नेसला पाठीवरच्या कडीत अडकवायचा, गळपट्ट्याला कधीच नाही. कुत्रा धावत सुटून पट्टा संपला की सगळा झटका मानेवर बसतो. आपोआप गुंडाळणारा पट्टा रानात निरुपयोगी, त्याची दोरी झुडपांत अडकते आणि हाताला कापते. लांब पट्टा मनगटाला गुंडाळू नका, सैल वेटोळी करून तळहातावर धरा.

पिशवीत हे असू द्या: दहापट मोठं दाखवणारं भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, वही-पेन्सिल, टोकदार चिमटा, रबरी हातमोजे, दोन-तीन कागदी पिशव्या, बँडेज, मऊ तोंडपट्टा (दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो), शीच्या पिशव्या, जुना टॉवेल आणि पसरट वाटी. पाण्याचा हिशोब असा: कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागतं, चालताना त्याहून जास्त. वीस किलोच्या कुत्र्यासाठी दोन-तीन तासांच्या फेरीला त्याचं वेगळं एक लिटर धरा.

दोन आज्ञा: ‘थांब’ आणि ‘सोड’

बाकी काही येत नसलं तरी चालेल, या दोन पक्क्या हव्यात. ‘सोड’ शिकवताना मुठीत खाऊ धरा आणि मूठ त्याच्या नाकासमोर न्या. तो चाटेल, पंजा मारेल, तुम्ही गप्प राहायचं. त्याने नाक मागे घेतलं त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणून दुसऱ्या हातातला खाऊ द्या. मुठीतला खाऊ द्यायचा नाही, ही यातली मेख. हे जमलं की खाऊ जमिनीवर ठेवून पायाने झाका, मग उघडा ठेवा, मग पट्ट्यावर चालताना वाटेत टाकून ठेवा. त्याने नाक मागे घेण्याआधीच ‘सोड’ ‘सोड’ ओरडत राहिलं की तो शब्द कुत्र्यासाठी पंख्याच्या आवाजासारखा होतो, कानावर पडतो पण ऐकू येत नाही. आज्ञा एकदाच द्यायची.

‘थांब’ शिकवताना अंतर आणि वेळ एकदम वाढवू नका. आधी एका पावलावर पाच सेकंद, मग दोन मीटरवर अर्धा मिनिट. रानात तुम्हाला एवढंच लागतं: तुम्ही वाकून बघत असताना तो दोन मीटर मागे शांत राहिला पाहिजे. घरात जमलं म्हणजे रानात जमेल असं नाही. आधी अंगणात, मग रस्त्यावर आणि शेवटी झाडीत, असा क्रम ठेवा.

वारा बघून चाला

वास गोल पसरत नाही. वस्तूपासून वारा जिकडे वाहतो तिकडे तो शंकूसारखा रुंद होत जातो. कुत्रा वाटेवर चालता चालता अचानक मान वळवतो तो या शंकूच्या कडेला लागल्यावर. मग तो आडवातिडवा, डावी-उजवीकडे करत वाऱ्याच्या विरुद्ध सरकतो आणि दर वळणाला फेरा लहान होत जातो. अशा वेळी त्याला थांबवू नका, पट्टा सैल ठेवून मागे जा. तुमच्या चेहऱ्यावर वारा येईल अशी दिशा धरलीत तर जनावरांना तुमचा वास उशिरा लागतो आणि कुत्र्याला त्यांचा लवकर.

थंड, ओलसर सकाळी वास जमिनीलगत टिकतो. उतारावर पहाटेची गार हवा खाली सरकते, ऊन चढलं की वर जाते, म्हणून सकाळी नाक चढाकडे आणि दुपारी दरीकडे वळलेलं दिसतं. भर दुपारी, कोरड्या जमिनीवर कुत्रा काही दाखवत नसेल तर त्याचं काही चुकत नसतं.

वेग तासाला दीड-दोन किलोमीटरच्या वर नको. व्यायामाचा दिवस वेगळा ठेवा आणि हुंगण्याचा वेगळा. दोन्ही एकाच फेरीत उरकायला गेलं की दोन्ही फसतात.

कुत्र्याचं अंग वाचा

नाक जमिनीला, चाल संथ, श्वासाचा भराभर फुसफुस आवाज: जमिनीवरचा माग किंवा विष्ठा. हुंगताना कुत्रा सेकंदाला पाचेक वेळा श्वास ओढतो आणि सोडलेली हवा नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून बाहेर टाकतो, त्यामुळे समोरचा वास विस्कटत नाही. धाप लागली की तो तोंडाने श्वास घेतो आणि हुंगणं कमी होतं. दमलेला कुत्रा चुकतो तो यामुळे.

मान वर, नाकपुड्या हलताहेत: वास हवेतून येतोय, वस्तू दूर आहे. मान तिरपी, कान पुढे, नजर पाचोळ्यावर: खाली उंदीर, चिचुंदरी किंवा सरडा खुसफुसतोय. एकाच जागी चाटून जबडा थरथरवला, दात कडकड वाजवले: दुसऱ्या जनावराच्या मुताची खूण. टाळूतल्या वेगळ्या गंधेंद्रियाकडे तो वास पोचवतोय. खांदा टेकवून लोळायची तयारी: मेलेलं जनावर किंवा ताजी विष्ठा. इथे मात्र विचार न करता लगेच ‘सोड’.

पाठीवरचे केस उभे, पाय ताठ, शेपटी गोठलेली, किंवा कुत्रा मागे सरकतोय: पुढे जिवंत जनावर आहे. हा शोधाचा क्षण नाही. पट्टा आखूड करा, आलात त्याच वाटेने शांतपणे मागे फिरा, पळू नका.

थांबल्यावर काय करायचं

कुत्रा थांबला की तुम्हीही थांबा. तीन-चार सेकंद त्याला हुंगू द्या, नेमकं कुठे नाक जातंय ते टिपा, मग ‘थांब’ देऊन दोन मीटर मागे बसवा आणि खाऊ द्या. खाऊ चुकवू नका. दाखवण्याचा मोबदला मिळतो हे कळलं की तो गोष्टी गिळण्याऐवजी दाखवायला लागतो.

आता पाऊल न उचलता अर्धा मिनिट नुसतं बघा. आधी तुमच्या पायाजवळ, मग त्याच्या नाकाच्या जागी, मग सर्वांत जवळच्या खोडावर आणि शेवटी वर. वर बघायचं बहुतेक लोक विसरतात. खोडावर चुन्यासारखे पांढरे ओघळ असतील तर फांदीवर शिकारी पक्ष्याची बसायची जागा आहे.

फोटो तीन प्रकारचे काढा: आजूबाजूच्या जागेसकट, शेजारी पट्टी ठेवून बरोबर वरून, आणि अगदी जवळून. अळंबी असेल तर टोपीचा वरचा भाग, खालच्या पाकळ्या किंवा छिद्रं, देठ, देठाचा जमिनीतला बुंधा आणि ती कशावर उगवलीय (माती, ओंडका, शेण) हे सगळं लागतं. नुसत्या टोपीच्या फोटोवरून जाणकारही नाव सांगणार नाहीत. वहीत वेळ, जागा, जमीन ओली की कोरडी आणि कुत्र्याने काय केलं हे लिहा. उचललेला दगड किंवा ओंडका होता तसाच परत ठेवा.

काय काय सापडतं

झाडाच्या बुंध्याशी कुत्रा घुटमळला आणि करड्या, लोकरीसारख्या, अंगठ्याएवढ्या गोळ्या दिसल्या तर त्या बहुधा घुबडाच्या ओकाऱ्या. घुबड सावज अख्खं गिळतं आणि न पचलेले केस व हाडं गोळी करून तोंडावाटे टाकतं. विष्ठेशी गल्लत सहज होते. फरक असा: ओकारीला घाण वास नसतो, टोकं गोलसर असतात आणि आत हाडं शाबूत असतात, कारण घुबडाच्या जठरातलं आम्ल ससाण्या-घारीच्या मानाने सौम्य. मांसाहारी जनावराची विष्ठा पिळलेली, एका टोकाला निमुळती आणि वास मारणारी, हाडांचा चुरा झालेला. ओकारी उकलायची तर हातमोजे घालून, कोमट पाण्यात तासभर भिजवून, चिमट्याने, आणि कुत्र्यापासून दूर. कवटीत पुढे दोन मोठे पटाशीचे दात आणि त्यांच्यामागे मोकळी जागा असेल तर उंदीर. टोकदार दातांची सलग रांग असेल तर चिचुंदरी.

विष्ठा पट्टीसकट फोटोपुरतीच, काडीनेही चिवडू नका. तिच्यातून जंतांची अंडी पसरतात. माशांचे खवले चमकताहेत आणि जागा पाण्याकाठच्या दगडावर आहे, तर पाणमांजर. फळांच्या बिया अख्ख्या आहेत, तर त्या जनावराने झाड लावायचं काम केलंय.

ठशांसाठी एक युक्ती आहे. फेरीच्या सुरुवातीलाच ओल्या मातीत आपल्या कुत्र्याचा ठसा उमटवून त्याची लांबी-रुंदी मोजा. पुढे जो ठसा दिसेल त्याला घरचं माप तयार. शिवाय आपल्याच कुत्र्याच्या ठशाला लांडग्याचा ठसा म्हणण्याची नामुष्की टळते. कुत्र्याच्या कुळात चार बोटं, पुढे नखांच्या खुणा आणि गादी व बोटं यांच्यामध्ये फुलीसारखी मोकळी रेघ. मांजराच्या कुळात ठसा गोलसर, नखं सहसा नाहीत, गादीच्या मागच्या कडेला तीन फुगवटे. पाच बोटं दिसली तर मुंगूस, जवादी, पाणमांजर, अस्वल यांच्यात शोधा. सशाच्या धावत्या मागात मागच्या पायांचे मोठे ठसे पुढच्या पायांच्या पुढे पडतात, त्यामुळे ससा उलट दिशेने गेल्याचा भास होतो.

कुजक्या ओंडक्यावर पिवळा, फेसाळ गोळा दिसला आणि दुसऱ्या कुणाच्या कुत्र्याने ओकलंय असं वाटलं तर भिंग काढा. ती ‘फुलिगो सेप्टिका’ नावाची श्लेष्मबुरशी असू शकते; तिला इंग्रजीत नावच कुत्र्याच्या ओकारीवरून पडलंय. ती खरी बुरशी नाही. हा जीव हळूहळू सरकतो, जिवाणू खातो आणि एक-दोन दिवसांत सुकून भुकटीसारखे काळपट बीजाणू सोडतो. पावसानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघायला जा.

सापाची कात अख्खी मिळाली तर डोळ्यांवरची पारदर्शक झाकणंही तिच्यात दिसतात. कात सापाहून लांब भरते, कारण निघताना ती ताणली जाते. मोज्यासारखी उलटी होत निघाल्यामुळे शेपटीचं टोक जिकडे, साप तिकडे गेला. कात ओलसर, मऊ असेल तर तो जवळच आहे, पुढे जाऊ नका.

हरणाचं गळालेलं फाटेदार शिंग म्हणजे हाड. ते दरवर्षी गळतं आणि नवं येतं. गाय-बकरीच्या कुळातली शिंगं अशी गळत नाहीत. पडलेल्या शिंगावर समांतर चऱ्या असतील तर साळिंदर किंवा उंदरांनी खनिजांसाठी कुरतडलंय. कुत्र्याला ते चघळायला देऊ नका, वरच्या मोठ्या दाढेचा पापुद्रा तुटतो. घरीही नेऊ नका. वन्यप्राण्यांचे अवयव बाळगण्यावर कित्येक देशांत कायद्याने बंधनं आहेत. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांचं साधं पीस उचलण्यावरही १९१८ च्या कायद्याने बंदी आहे.

गवतात निपचित पडलेलं पाडस किंवा जमिनीवरचं घरटं सापडलं तर फोटोचा मोह आवरा. पाडस सहसा टाकून दिलेलं नसतं, आई जवळपास असते आणि तुम्ही जाण्याची वाट बघत असते. कुत्र्याला आखूड धरून पन्नासेक मीटर लांब जा. तिथे परत फिरकू नका, तुमच्या मागाच्या वासावरून शिकारी येऊ शकतात.

आणि एक नको असलेला शोध: तारेचा फास. कुत्रा अचानक ओरडून अडकला तर ओढू नका, ओढल्याने फास आवळतो. त्याला फासाच्या खुंटाकडे ढकलून तार सैल करा, तोंडपट्टा बांधा, मग बोटांनी फासाची गाठ मागे सरकवा. सुटल्यावर जखम दिसत नसली तरी पशुवैद्याला दाखवा. जागेची नोंद करून वनखात्याला कळवा, फास स्वतः नेऊ नका.

काय बिघडतं

अळंबी गिळली: डेथ कॅपसारख्या जातींच्या विषाची लक्षणं साधारण ६ ते २४ तासांनी दिसतात. उलट्या-जुलाब होऊन मध्येच कुत्रा सावरल्यासारखा वाटतो आणि यकृताचा नाश तेव्हाच चाललेला असतो. लक्षणांची वाट बघू नका. उरलेला तुकडा कागदी पिशवीत (प्लास्टिकमध्ये तो कुजतो) घेऊन थेट दवाखाना गाठा. सांगितल्याशिवाय उलटी करवू नका.

बेडूक तोंडात धरला आणि फेस यायला लागला: खडबडीत कातडीच्या भेकाचं विष हिरड्यांतून भिनतं. डोकं खाली झुकवून ओल्या फडक्याने हिरड्या-जीभ पुसत राहा, पाणी बाजूने सोडा म्हणजे ते घशात जाणार नाही. साप चावला तर न कापता, न चोखता, न आवळता, कुत्र्याला उचलून दवाखान्यात न्या. तोंडाला किंवा मानेला चावा असेल तर सुजेआधी गळपट्टा काढा. साचलेल्या पाण्यावर हिरवट रंगासारखा तवंग असेल तर एक घोटही नको, निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष फार झपाट्याने काम करतं.

ऊन लागणं यात सर्वांत जास्त टाळता येण्यासारखं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस; ४१ च्या वर गेलं की जिवाशी गाठ. जोराची धाप, गडद लाल हिरड्या, झोकांड्या दिसल्या की सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि मग दवाखान्याकडे निघा. आधी गार करायचं, गाडी नंतर.

घरी आल्यावर

शेवटचा शोध कुत्र्याच्या अंगावर असतो. उजेडात, ठरलेल्या क्रमाने तपासा: कानाच्या कडा आणि आतली बाजू, पापण्या, ओठांच्या घड्या, गळपट्ट्याखाली, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली. गोचीड दिसली तर चिमटा कातडीला टेकवून तिला तोंडाशी धरा आणि न पिळता सरळ, सावकाश ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी यांतलं काही नको. त्याने ती जखमेतच ओकते. काही आजारांचे जंतू गोचीड चिकटल्यावर बऱ्याच तासांनी शरीरात उतरतात, म्हणून हे त्याच दिवशी करायचं.

गवताचं कुसळ गोचिडीहून लबाड. त्याच्या टोकावरचे बारीक काटे एकाच दिशेला वळलेले असतात, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. काही गवतांत दमटपणा बदलला की त्याची शेपटी पीळ घेते आणि सोडते. बी मातीत रुजवायची ही सोय कातडीतही तशीच चालते. बोटांमध्ये सतत चाटणं, एकाच कानाकडे डोकं झटकणं, अचानक सलग शिंका ही कुसळ शिरल्याची लक्षणं. वर दिसणारं चिमट्याने काढा, आत गेलेलं पशुवैद्यानेच काढायचं.

केसांतून निघालेल्या बिया मात्र फेकून देऊ नका. पांढऱ्या कागदावर पसरून भिंगाखाली बघा: कुणाला आकडे, कुणाला काटे, कुणाला नुसता चिकटपणा. स्वित्झर्लंडचे अभियंते जॉर्ज द मेस्त्राल यांनी १९४१ साली आपल्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेली बर्डॉकची फळं अशीच सूक्ष्मदर्शकाखाली धरली, आकडे पाहिले आणि त्यावरून पुढे वेल्क्रो तयार केलं. पेटंट १९५५ चं. बघून झालं की बिया कचऱ्यात टाका, अंगणात नाही. एका रानाचं तण दुसरीकडे नेण्यात कुत्र्यांचा मोठा वाटा असतो.

नोंदी त्याच संध्याकाळी पक्क्या करा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकले तर जाणकार ओळख पटवून देतात. घरटं, बीळ किंवा दुर्मीळ जातीची जागा टाकताना नकाशावरचं स्थान ‘धूसर’ करण्याचा पर्याय निवडा. फोनच्या फोटोतही जागेची माहिती साठवलेली असते, गटांवर पाठवण्याआधी ती काढून टाका.